चार महिन्यांचं रक्त

उपाशी पोटी द्यायचं रक्त मी दोन प्लेट तर्री-पोहे खाऊन दिलं. आणि दिलं कोणाला, तर माझ्या साडूंना. त्यांच्या मते या जगात माणसं अशी नसतातच. असतं ते फक्त रक्त, आणि ते चौकाचौकांतून हिंडवता यावं म्हणून देवाने त्याला हातपाय लावून दिलेत. सदर भागातल्या एका गल्लीत त्यांची रक्त तपासायची लॅब आहे. माझी नळी त्यांनी यंत्रात गरगर फिरवली आणि उजेडात धरली. लाल पेशी शहाण्यासारख्या तळाशी बसल्या होत्या. वर मात्र फिकट पिवळं, नितळ पाणी दिसायला हवं, तिथे ताक दिसत होतं.

"काही खाल्लं होतं काय गा?"

"छे! पाण्याचा घोटसुद्धा नाही."

"मंग हे तेल का नळातून आलं? तू खोटं बोलून राहिला, तुहं रक्त नाही बोलत."

लोक भेटल्यावर नमस्कार करतात, साडू समोरच्याची खालची पापणी ओढतात. आतून लाल-गुलाबी दिसली तर पुढची विचारपूस. फिकी दिसली तर पालक, गूळ आणि पोटातले जंत यांवर व्याख्यान. पुतणीच्या लग्नात नवरदेव दाराशी आला, तर ओवाळणाऱ्या बायकांना बाजूला सारून यांनी त्याची पापणी ओढली आणि वऱ्हाडाला ऐकू जाईल असं सांगितलं, "गुलाबी हाय, येऊ द्या!" पोह्याच्या ठेल्यावर ते तर्रीचा, म्हणजे चण्याच्या तेलकट रश्श्याचा, वाडगा हलवत नाहीत, कोणाला हलवू देत नाहीत. "वरतं तरंगते तो प्लाझ्मा, खाली चणे बसले त्या लाल पेशी, अन् मधात ही पातळ साय दिसते काय? त्या पांढऱ्या पेशी. थोड्याच असतात, पण मारामारी त्याच करतात." तोवर पोहे गार होतात आणि ठेलेवाला आमच्याकडे बघणं सोडून देतो.

पण त्यांचा खरा लाडका सिद्धांत चार महिन्यांचा. लाल पेशी साधारण तेवढंच जगते, मग हाडांच्या पोकळीतल्या कारखान्यातून नवी भरती होते. त्यामुळे कोणतंही भांडण चार महिन्यांच्या वर ते ठेवत नाहीत. माझ्या तर्रीच्या भानगडीनंतर त्यांनी माझ्याशी चार महिने कडकडीत अबोला धरला; मग एके दिवशी आपणहून घरी आले, माझी पापणी ओढली आणि म्हणाले, "ज्यानं खोटं बोललं ते रक्त गेलं. चहा सांग."

गेल्या हिवाळ्यात आम्ही रामटेकला गेलो. मंदिराच्या पायऱ्यांवर साडू मधेच बसले, धापा टाकत. मी आपला गंमत म्हणून वाकलो आणि त्यांची पापणी ओढली. आत खडूसारखं पांढरं होतं. आयुष्यभर त्यांनी गावाच्या पापण्या ओढल्या. त्यांची ओढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. माझं हसू तिथेच राहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाले, "समजलं. कारखाना मंद पडला वाटते."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. औषधांना वेळ लागणार, तोवर बाहेरून रक्त चढवायचं. घरात गट जुळला तो नेमका माझा, याचं दुःख मला सोडून सगळ्यांना झालं. मी मात्र या वेळी चूक करणार नव्हतो. आदल्या संध्याकाळपासून कडक उपाशी राहिलो आणि सकाळी रक्तपेढीत छाती काढून उभा राहिलो.

"नाश्ता केला?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"काहीच नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

"काहून? रक्त द्यायले कोणी उपाशी येते काय? चक्कर येऊन पडसान. जा, आधी खाऊन या. तर्री नको."

मी खाली जाऊन कोरडे पोहे खाल्ले. इतके बेचव पोहे मी जन्मात इतकं मन लावून खाल्ले नव्हते.

सगळ्या तपासण्या होऊन दुसऱ्या दिवशी ती पिशवी साडूंच्या खाटेशी टांगली. थेंब पडत होते आणि ते टक लावून बघत होते. माझ्या उपासाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. संध्याकाळी ओठांवर थोडा रंग दिसला. मी वाकून त्यांची पापणी ओढली. त्यांनी ओढू दिली. मग माझा हात तसाच धरून ठेवत खाटेशी बसलेल्या आपल्या बायकोला म्हणाले,

"ऐक वं, याचं रक्त हाय हे. आता चार महिने मी काही येड्यासारखं केलं, तर मले बोलू नको."