थर्माकोलची ऊब

हिवाळा सरल्यावर पहिल्या पेटीचं झाकण उचललं आणि व्हिन्सेंताने तोंड फिरवलं. आंबलेला मध, बुरशी आणि हगवण यांचा मिळून असा भपकारा आला की सकाळचं बीटाचं सूप घशाशी आलं. मधमाशा मेल्या होत्या, पण सुकून नव्हे. लगद्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या, वर हिरवी लव.

लिथुआनियातल्या त्या खेड्यात तिने चाळीस हिवाळे माशा जगवल्या होत्या. पेटीवर काडाची गादी, फटींत शेवाळ आणि झाकणाखाली वाफेसाठी बोटभर वाट. गेल्या ऑक्टोबरात मुलगा रिमास दीड वर्षाने घरी आला. "या वयात काड काय वाहतेस, आई," म्हणत त्याने तिन्ही पेट्या थर्माकोल लावून प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधल्या. वाफ आतच साचणार, हे तिला दिसत होतं. ती गप्प बसली. बोलली असती तर तो नाताळला आला नसता.

दुसरी पेटीही तशीच निघाली. तिसरीला तिने बराच वेळ कान लावला. आत खोलवर कुणी झोपेत कण्हावं तसा आवाज होता.

"सुरी दे," तिने पुन्हा घरी आलेल्या रिमासला सांगितलं.

तिने प्लॅस्टिक टराटरा फाडलं. आतून पाणी गळलं. रिमास नाक दाबून उभा होता.

"शी. त्या दोन पेट्या जाळून टाक, आई. नव्या माशा विकत आणू."

"आपल्यात माशा विकत घेतात? स्टेपोनासच्या घरून पहिला थवा आला, म्हणून तो आपला सोयरा. आता त्याच्या दारात जाऊन सांगायचं, तुमच्या मारल्या."

"मारल्या काय? मेल्या."

"खड्डा खण. माणसासारख्या पुरायच्या. आणि हातमोजे काढ."

त्याने दोन ओंजळी भरल्या, तिसरीला ओकारी आली. पालथ्या हाताने तोंड पुसत तो म्हणाला, "तेव्हा का नाही बोललीस?"

"तू आला होतास म्हणून."

आपल्या त्या गप्प बसण्याची तिला पेटीतल्या घाणीहून जास्त किळस आली. तिने तिसऱ्या पेटीवर कोरडी गादी घातली, कडेने शेवाळ दाबलं. उरलेली बोटभर फट बुजवायला रिमासने हात पुढे केला. तिने त्यावर चापट मारली.

"राहू दे ती. आणि रुसायचं असेल तर आत्ताच रूस."