फ्रेंच बाईच्या नवऱ्याचं नाव

जुन्या मैत्रिणी भेटल्या की एकीनं एक किस्सा सांगायचा, त्यावरून दुसरीला दोन आठवायचे आणि चहा गार व्हायचा, हे ठरलेलंच. आमच्या घोडनदीच्या शनिवारच्या बैठकीचे किस्से असेच साठत गेले. शिरूरला आम्ही घोडनदीच म्हणतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मी नवी नवरी होते, आणि आम्ही सहा-सात बायका दर शनिवारी दुपारी एका फ्रेंच बाईचं आत्मचरित्र वाचायचो. हसू नका, खरंच वाचायचो!

ही हौस ताराबाईंची. त्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. पुस्तक इंग्रजीत होतं. ताराबाई आठवड्याला दहा पानं मराठीत शंभर पानी वहीत उतरवायच्या आणि आम्ही आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचो.

* * *

पुस्तक दौंडचं. तिथल्या रेल्वेवाल्यांच्या क्लबातल्या कपाटातलं. ते फक्त रेल्वेच्या माणसाला मिळायचं, म्हणून ताराबाईंच्या धाकट्या भावाच्या नावावर काढलं होतं. तो गार्ड होता.

दीड वर्ष झालं तरी पुस्तक परत जाईना. गार्डसाहेब दीड वर्ष एका बाईची जीवनकहाणी वाचताहेत, हे दौंड स्टेशनभर झालं. ड्रायव्हर त्याला विचारायचे, "मॅडम, सोडू का गाडी?"

शेवटी तो चिडून शिरूरला आला, पुस्तक घेऊन गेला आणि चार दिवसांत वाचून काढलं. मग पुस्तक परत आलं, सोबत पोस्टकार्ड. त्यावर एकच ओळ होती, "आक्का, आपल्या आईनं असं काही लिहून ठेवलंय का?"

ताराबाईंनी ते कार्ड आम्हाला वाचून दाखवलं आणि त्या दिवशी पुढचं वाचनच झालं नाही.

* * *

जैनबभाभी आमच्यातली सगळ्यात तिखट. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं, पण गिऱ्हाईक यायचं ते भाभीशी बोलायला. फ्रेंच बाई पहाटे उठून लिहायला बसते, दुपारपर्यंत लिहिते, असं वाचून झालं. भाभी म्हणाली, "आन् चूल कोन पेटवतंय?"

आम्ही सगळी वही मागं-पुढं चाळली. एका ठिकाणी सापडलं, 'मोलकरणीने कॉफी आणून ठेवली.' बस्स, तेवढंच. तिचं नावसुद्धा नाही.

पुढचा सबंध शनिवार आम्ही त्या मोलकरणीवर घालवला. तिला मुलं किती असतील, तिचा पाय दुखत असेल का, मालकीण काय लिहिते हे तिला ठाऊक होतं का. माझं तर म्हणणं, आमच्या बैठकीतला तो सगळ्यात चांगला शनिवार.

* * *

एकदा पुण्याचे एक प्रोफेसर आले होते, ताराबाईंच्या ओळखीचे. जेवले, वही चाळली आणि म्हणाले की अशा लेखनात सगळं घरगुती असतं, जग कुठं दिसत नाही.

भाभीनं अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, आत्ता जेवला ते घरात का जगात?"

प्रोफेसर भले माणूस. पोट धरून हसले आणि पुण्याला गेल्यावर आम्हाला दोन डझन वह्या पाठवल्या.

* * *

आता सोनाबाई. तिचे मालक किसनराव, सगळे त्यांना आप्पा म्हणत. मांडवगणला मोठी शेती. मंगलच्या, म्हणजे लेकीच्या शाळेसाठी शिरूरला बिऱ्हाड केलं होतं. सोनाबाई स्वतः चौथी शिकलेली, पण वाचायची अगदी ठणठणीत.

पहिल्यांदा तिची पाळी आली आणि एका ओळीवर ती थांबली ती थांबलीच. ओळीत फ्रेंच बाईच्या नवऱ्याचं नाव होतं, पिएर. ताराबाई म्हणाल्या, अगं, तो काय तुझा नवरा आहे?

सोनाबाई म्हणाली, "बाई, हितं 'मी' लिवलंय. वाचताना मीच ती न्हवं का? मग मालकाचं नाव कसं घेऊ?"

ताराबाई मला नंतर म्हणाल्या, कॉलेजात चार वर्षं काढली, हे कुणी शिकवलं नाही.

मग नियमच झाला. वाचणारीनं नावापाशी थांबायचं आणि शेजारणीनं नाव घ्यायचं. भाभी तर हजेरी घेतल्यासारखं ओरडायची, "पिएर!"

* * *

एका दिवाळीनंतर आप्पांनी मंगलला शाळेतून काढलं. मांडवगणला न्यायचं, स्थळ बघायचं, असं ठरलं. पोरगी वर्गात पहिली येणारी. ताराबाई दोनदा सांगून आल्या, आप्पांनी चहा पाजला आणि विषय बदलला. सोनाबाई गप्पच. मला तिचा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू.

पुढचा शनिवार सोनाबाईकडे होता. ताराबाई आठवडाभर तापानं पडून होत्या, वहीत एक ओळ उतरली नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. सोनाबाईनं वही उघडली आणि वाचायला लागली.

"माझी लेक हुशार आहे. तिला शाळेतून काढायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मीही चौथीत पहिली आले होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी अजून काही बोलले नाही."

मग बाजरीच्या काढणीचं काहीतरी आलं. फ्रान्सात बाजरी कधीपासून, असं मी भाभीच्या कानात विचारणार, तेवढ्यात तिनं मला कोपरानं ढोसलं.

ओसरीवरचा अडकित्ता थांबला होता. आप्पा दारात आले. म्हणाले, "ह्या बाईचा नवरा लईच हेकट दिसतोय. काय नाव त्याचं?"

सोनाबाईनं पदर सारखा केला. "मी कसं घेऊ त्यांचं नाव?"

नियमाप्रमाणं पाळी शेजारणीची. शेजारी जैनबभाभी. तिनं वहीतल्या कोऱ्या पानाकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं आणि या वेळी न ओरडता सांगितलं, "किसनराव."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "सोमवारपासनं पोरीला शाळंत धाडा. आन् ती वही हिकडं द्या."

वही मात्र सोनाबाईनं दिली नाही.