मानमोडीच्या देवीला धूर चालत नाही

एसटी जुन्नरच्या स्टँडवर शिरली, तेव्हा समोरचा शिवनेरी खिडकीत मावत नव्हता. मी मात्र खिडकीच्या काचेत स्वतःची नवी टोपी सारखी करत होते. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. पस्तिशीतली मी! कुणी विचारलं असतं, तर जुन्नरकरांनाच जुन्नर समजावून सांगितलं असतं.

दिवसभर पायीच फिरायचं होतं. जुन्या पेठेतल्या चढाच्या बोळी झाल्या, दगडी घुमट झाला. खाणावळीत मासवडी (नावात मास, पोटात तीळ-खोबरं) हाणली आणि दुपारी मानमोडीच्या डोंगराला लागले.

वाटेत गवत कापणारी ठकूबाई भेटली. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात विळा. लेणी दाखवायला आपणहून वर आली. देवीच्या लेण्यापाशी मी सासूबाईंनी दिलेला उदबत्तीचा पुडा काढला.

"ताई, हितं धूर चालत न्हाई. देवीला हळदकुकू वहा आन् चला."

देवीला उदबत्ती चालत नाही? मी थक्कच झाले. पुण्याच्या बाईला देवधर्म शिकवते! ती टाक्यावर पाणी प्यायला वळली, तेवढ्यात मी पुडा पेटवला. अख्खा. एक-दोन काड्या लावीन तर मी कसली!

घरघर ऐकू आली. आधी वाटलं, खालून ट्रक येतोय. मग वर पाहिलं. कातळाला लोंबणारं काळं, हातभर पोळं हलत होतं. आग्यामोहोळ! "आई गं" म्हणायला तोंड उघडलं आणि पहिली माशी ओठावरच बसली.

"वाका खाली! वरडू नगा!" ठकूबाईनं स्वतःची खोळ माझ्या डोक्यावर ओढली आणि मला फरफटत उतारानं खाली नेलं. मी खोळीत. तिचं तोंड उघडं.

तिच्या ओट्यावर पोचलो, तेव्हा तिचा उजवा डोळा सुजेत बुडाला होता. हिचा डोळा गेला तर? तिची सून काटे काढत होती, चुना लावत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती.

"माशा आहेत, असं का नाही सांगितलंत?" सुजल्या ओठांनी मी रडत विचारलं.

"माशा म्हनलं की पावणं दगुड मारून बघत्यात. देवीचं नाव घेतलं की गुमान ऐकत्यात. न ऐकणाऱ्या तुमीच पहिल्या! लई शान्या!"

सून तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी परतीची एसटी धरली. नारायणगावच्या स्टँडवर लोक का टक लावून बघतायत, ते उशिरा कळलं. टोपी डोंगरात राहिली होती. डोक्यावर पोतं होतं.

"लावलीस ना उदबत्ती?" सासूबाईंनी दारातच विचारलं. मी नुसती मान हलवली. ओठ आठवडाभर उघडले नाहीत. घरच्यांनी औषधाची घाई केली नाही. मला मात्र डोळे मिटले की ठकूबाईचा डोळा दिसे.

पुढच्या रविवारी खोळ परत द्यायला गेले. ठकूबाई दारात गवताचा भारा सोडत होती. तिनं मान वर केली आणि दोन्ही डोळ्यांनी, चांगल्या उघड्या डोळ्यांनी, आधी माझी पिशवी न्याहाळली.

"पुडा न्हाई ना आणला?"

आता पासष्टी उलटली. नवख्या ठिकाणी कुणी 'इथं चालत नाही' म्हटलं, की नातवंडं विचारतात, का? मी आधी वर बघते.