दोन साहेबांचा आजार

लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो होतं आणि मूल एकही नव्हतं. यातली दुसरी गोष्टच तेवढी लोकांच्या नजरेत भरायची, हा लोकांचा मोठेपणा!

आम्ही तेव्हा मुलुंडला एका दुमजली चाळीत वरच्या मजल्यावर राहायचो. मी, आमचे हे आणि सासूबाई. हे भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. (म्हणजे बाटल्या खोक्यात भरायचे. पण तेवढ्यानं आपण अर्धे डॉक्टर झालो, असा त्यांचा पक्का समज होता.) सासूबाई मालवणकडच्या. मुंबईत तीस वर्षं काढूनही त्यांच्या बोलीला मुंबईचं पाणी लागलं नव्हतं.

माझी पाळी म्हणजे गावची एसटी. वेळापत्रक आहे, गाडीचा पत्ता नाही! कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. दर वेळी उशीर झाला की माझ्या मनात पाळणा हलायला लागायचा, आणि दर वेळी एक दिवस सकाळी तो थांबायचा. शिवाय हनुवटीवर चार केस उगवले होते, तेही यांच्या मिशीपेक्षा तब्येतीनं वाढणारे. शेवटी धीर करून आम्ही स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी सगळं विचारलं, तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं. आज त्याला पीसीओएस म्हणतात, घरोघरी मुलींना ठाऊक असतं. तेव्हा त्याला दोन गोऱ्या साहेबांचं जोडनाव होतं. हे म्हणाले, "वकिलांच्या कंपनीचं नाव वाटतंय."

"अंडाशयावर बारीक बारीक गाठी असतात," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. रोज व्यायाम. सकाळी एक लहान चमचा माशाचं तेल. दहा-बारा किलो वजन उतरवा, पाळी आपोआप रुळावर येईल. मग बघू."

"आणि मूल?" मी विचारलं. आवाज इतका बारीक आला की माझा मलाच ऐकू आला नाही.

"आधी भात बंद करा," बाई म्हणाल्या.

घरी बातमी कळल्यावर सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "भात बंद? ताप इलेल्या माणसाचो भात बंद करतत! तुका ताप इलो हा काय?"

"नाही आई, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"पोटात काय जाऊक नाय, तर पोटी काय येतला?"

खरं सांगायचं तर मी मनातून त्यांच्याच बाजूची होते! समोर बांगड्याची तिखट आमटी, शेजारी वाफाळता भात, आणि माझ्या पानात ज्वारीची भाकरी. सगळे जेवून उठले की भाताच्या रिकाम्या टोपाजवळ मी उगाच रेंगाळायची. एकदा तर वास घेताना पकडले गेले.

व्यायामाची जबाबदारी यांनी घेतली. कुठूनशी एक दोरी आणली आणि म्हणाले, "दोरीवरच्या उड्या. रोज शंभर." मी पहाटे पाच वाजता साडीचा काष्टा मारून उड्या मारायला सुरुवात केली. आमच्या चाळीला फळ्यांची जमीन, तिच्यावर अठ्ठ्याहत्तर किलो. हे खाटेवर बसून मोजायचे.

"सोळा! सतरा! जोरात!"

"नको हो! बास झालं! मरेन मी!"

"काही मरत नाहीस! अजून वीस!"

तिसऱ्या दिवशी दारावर धडाधडा थापा. खालच्या खोलीतले पाटकरकाका, डोक्यावर छताची माती, हातात छत्री उगारलेली.

"सदानंद! उघड दार! रोज पहाटे बायकोवर हात टाकतोस? लाज नाही वाटत?"

यांनी घाबरून दार उघडलं. काकांनी आत पाहिलं. मी काष्टा मारून, घामानं निथळत, हातात दोरी घेऊन मध्यभागी उभी. हे कोपऱ्यात अंग चोरून. काकांनी सावकाश छत्री खाली केली.

"सदानंद," ते हळूच म्हणाले, "कधीपासून मारते ही तुला?"

झालं! सगळ्या चाळीला आजार, पथ्य आणि दोरी, तिन्ही गोष्टी कळल्या. दोरी बंद झाली आणि डोंगराच्या रस्त्यानं चालणं सुरू झालं. हे पुढे ताडताड, मी मागे धापा टाकत. दर रविवारी स्टेशनवरच्या काट्यावर वजन. नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे आणि खटकन तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. हे वजन वाचायचे, मी भविष्य. एकदा निघालं, 'आपली मनोकामना लवकरच पूर्ण होईल.' वजन त्या आठवड्यात अर्धा किलो वाढलं होतं, पण ते तिकीट मी कुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवलं.

तीन महिन्यांत चार किलो उतरले. यांना धीर निघेना. "एका चमच्यानं चार, तर पाच चमच्यांनी वीस!" हा पॅकिंग खात्याचा हिशेब. त्यांनी माशाच्या तेलाचे पाच चमचे केले, तेही मोठे. शिवाय कारखान्यातल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून यीस्टच्या गोळ्या आणल्या. सासूबाईंनी त्यावर कारल्याचा रस चढवला आणि पाटकरकाकूंनी रात्रभर भिजवलेल्या मेथ्यांची वाटी पाठवायला सुरुवात केली. कुणाला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. सगळ्यांना माझं मूल हवं होतं हो!

चौथ्या सकाळी मी मोरीकडे धावले आणि आतडी बाहेर येतील इतकी ओकले.

मागे वळून बघते तर सासूबाई. हात जोडलेले, डोळे भरलेले.

"किती दीस झाले गो तुका?"

"सत्तर. पण आई, मला तर नेहमीच..."

पुढचं ऐकायला त्या होत्याच कुठे? रेशनच्या साखरेचा डबा काखेत मारून त्या जिना उतरल्यासुद्धा! तेव्हा साखर रेशनवर, घरोघरी चहा गुळाचा व्हायचा. आणि आमच्या सासूबाई दारोदार मूठमूठ साखर वाटत होत्या. "सुनेक दिवस गेले! मालवणच्या देवीन ऐकल्यान!"

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते.

"अहो, खरं असेल का?"

"असेल ना," हे म्हणाले. "नसायला काय झालं?"

त्या एका वाक्यावर आम्ही दोघं दहा दिवस जगलो. लगेच डॉक्टरीणबाईंकडे का गेलो नाही, असं कुणीही विचारेल. जावंसंच वाटलं नाही. तिथे गेलं की कळणार होतं, आणि न कळण्यात इतकं सुख होतं! रोज सकाळी उलटी झाली की हे प्रेमानं पाठ चोळायचे आणि ताकद यावी म्हणून पुन्हा पाच चमचे तेल पाजायचे. दुपारी भात! "दोन जिवांचा आसस, जेव पोटभर." मी तीन महिन्यांचा भात दहा दिवसांत वसूल केला. पाटकरकाकूंनी पेढे पाठवले, तेही संपवले. पोट जरा पुढे आलं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, वाढता!"

एका दुपारी त्यांनी ट्रंकेतून आपलं जुनं लुगडं काढलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. "दुपट्याक घे," म्हणाल्या. मी चार बोटं शिवण घातली. घरात कुणी नव्हतं. पोटावर हात ठेवून मी हळूच म्हटलं, "तुला माशाचं तेल आवडत नाही, होय ना? मलाही नाही." आणि मग माझं मलाच इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं की सुई बोटात गेली.

अकराव्या दिवशी चक्कर येऊन पडले, तेव्हा जावंच लागलं. बाईंनी तपासलं.

"सकाळी काय काय घेता?"

मी यादी सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पाच चमचे? मोठे? वर कारलं? अहो, घोडा ओकला असता! दिवसबिवस काही गेलेले नाहीत."

परत येताना हे चाळीच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "मी सांगतो आईला. तू काही बोलू नकोस." घरात शिरलो. सासूबाई दारातच.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"आये... ते..." हे म्हणाले. "ते तेल..." आणि गडी मोरीत जाऊन चूळ भरायला लागला!

मग मीच सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. खुंटीवरच्या पिशवीतून मी ते अर्धवट शिवलेलं लुगडं काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मला वाटलं, आता बोलतील. पाच वर्षं साठलेलं सगळं बोलतील.

त्यांनी लुगड्याची नीट घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावलं.

"ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "कापड काय कुसणा नाय."

संध्याकाळी ज्या ज्या दारात साखर वाटली होती, त्या त्या दारात त्या स्वतः जाऊन आल्या. "सुनेचो काय दोष नाय. माझ्या झिलान तेल जास्त पाजल्यान," एवढंच सगळीकडे सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर त्यांच्याही पानात भाकरी.

"आई, तुम्ही का?"

"तू भात खावचंस नाय, तर मीय खावचंय नाय. बस जेवूक."

मालवणी बाईनं भात सोडला, याहून मोठं व्रत मी पाहिलेलं नाही. पहाटे डोंगराच्या रस्त्यानं आता मी आणि सासूबाई जायला लागलो. त्या नऊवारीत माझ्यापेक्षा भरभर चालायच्या. तेल एक लहान चमचा, आणि बाटलीला हात लावायची यांना बंदी. सहा-सात महिन्यांत आणखी आठ किलो उतरले.

आणि एक दिवस पाळी आली. बरोब्बर एकतिसाव्या दिवशी! मग पुढच्या महिन्यात तिसाव्या, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा एकतिसाव्या. आमच्याकडे तेव्हा सगळं कडक सोवळं; मी गॅलरीत चटई टाकून बाजूला बसलेली. आतून साजूक तुपाचा वास आला. सासूबाई शिरा करत होत्या. पाटकरकाकू वासानं वाटी घेऊनच वर आल्या.

"काय हो, कसला शिरा?"

"सुनेक कावळो शिवलो!" सासूबाईंनी आनंदानं सांगितलं. "तीन म्हयने वेळेर!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. या कारणासाठीचा शिरा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. पण साखर रेशनची होती. त्यांनी मुकाट्यानं वाटी पुढे केली. मला सासूबाईंनी लांबूनच एक चमचा वाढला. एकच.

पुढे दीड वर्षानं मला खरोखरच दिवस गेले आणि मुलगी झाली. गोरी वगैरे नाही, माझ्यासारखीच सावळी आणि भातखाऊ. मालवणहून नणंद डब्यावर डबे घेऊन आली. बाळंतिणीचं खाणं म्हटल्यावर पथ्य कोण विचारतो? मी मनसोक्त जेवले.

दीड महिन्यानं मुलीला दाखवायला डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी तिला तपासलं, गाल कुरवाळला, "छान आहे," म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"अहो, इतक्यात दुसरं?"

"नाही हो बाई," मी पदर ओढून घेतला. "हे डिंकाचे लाडू आहेत."

"किती महिन्यांचे?"

"दीड."