शेगडीने अडवलेला गृहप्रवेश

"अरे, दूध वर का येत नाहीये?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

नव्या घरातली पहिली सकाळ. आई खास पुण्याहून आलेली. गृहप्रवेशाला दूध उतू गेलंच पाहिजे, तरच घर भरलेलं राहतं, हा तिचा नियम. आणि मुहूर्त संपत आला होता.

"येणार नाही," मी म्हणालो. "ते न येऊ देणं हीच माझी नोकरी आहे."

हे जरा समजावून सांगतो. मी नेदरलँड्समध्ये, आईंडहोवेनला, इंडक्शन शेगड्यांचे कंट्रोल बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर आहे. दूध वर येण्याआधी पातेल्याची थरथर बदलते. काचेखालचा सेन्सर ती ओळखतो आणि आच कमी करतो. रोज लॅबमध्ये दूध तापवायचं आणि ते सांडलं नाही की खूश व्हायचं, असं माझं करिअर.

घर घेतलं ते आईंडहोवेनला ट्रेनने जा-ये करता येईल अशा छोट्या गावात, कारण शहरात आमच्या प्रत्येक ऑफरवर कोणीतरी वरचढ बोली लावायचं. इकडे घर विकणारे जाताना पडदे, दिवे, अगदी फ्लोअरिंगसुद्धा उचलून नेतात. मी मालकांना एकच विनंती केली होती : शेगडी तेवढी ठेवा, तिच्यात आमचा सेन्सर आहे. त्यांनी ठेवली. उघड्या काँक्रीटच्या त्या घरात ती एकटीच चमकत होती.

"मग बंद कर ना तो सेन्सर," माझी बायको मंजिरी म्हणाली.

"बंद करता येत नाही. सेफ्टी फीचर आहे."

"असं कोणी ठरवलं?"

"मीटिंगमध्ये मीच हट्ट धरला होता."

"मायक्रोवेव्हमध्ये उतू घालवू या?"

"गृहप्रवेश आणि मायक्रोवेव्हमध्ये!" आई कडाडली. "लोकांची मुलं परदेशात जाऊन काय काय शिकतात. हा दूध अडवायला शिकला!"

"आज्जी, बट इट्स वर्किंग परफेक्टली," आमची नऊ वर्षांची इरा म्हणाली. घरात माझी बाजू घेणारी ती एकटीच.

"असू दे. निदान आरती तरी वेळेत करू," आई म्हणाली.

देव ओट्यावरच मांडले होते, शेगडीशेजारी. आईने घंटा घेतली. झांजा पुण्यात राहिलेल्या, म्हणून इराने स्टीलची ताटली ओट्यावर पालथी घातली आणि डावाने बडवायला सुरुवात केली. ओटा हादरू लागला. दुसऱ्या कडव्याला दूध भसकन वर आलं आणि शेगडीभर पसरलं.

"गेलं, गेलं! उतू गेलं!" तिघी ओरडल्या.

"बग!" मी ओरडलो.

ताटलीच्या थरथरीत पातेल्याची थरथर हरवली होती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण हाच सेन्सर असलेलं आमचं नवं मॉडेल बाजारात जायला आठवडाच उरला होता म्हणून.

सोमवारी मी ताटली आणि डाव बॅगेतून काढून बॉस मार्टाइनच्या टेबलावर ठेवले.

"स्वयंपाक करताना हे कोण बडवतं?" त्याने विचारलं.

"रोज नाही. फक्त घर नवीन असेल तर."

त्याने ताटली आणि डाव उचलले. मग लॅबमध्ये आला, कोट काढला आणि स्वतः ताटली बडवू लागला. ताल भयंकर होता, पण दूध सांडलं. रिलीज पुढे ढकललं गेलं.

आम्ही बग दुरुस्त केला. ताटलीवर आता 'टेस्ट इक्विपमेंट'चा स्टिकर आहे आणि ती परत कधी मिळणार, हे आई दर फोनला विचारते. नव्या शेगडीवर कितीही बडवा, थेंब सांडत नाही.

त्यामुळे इथे घर घेणाऱ्या मराठी मित्रांना मी एकच सल्ला देतो : घर कुठलंही घ्या. शेगडी मालकाला खुशाल नेऊ द्या.