व्याह्यांसाठी जांभळाचा धूर

नाशकातून निघालो तेव्हा गाडीच्या टपावर लोखंडी पिंप बांधलेलं होतं आणि शेजारपाजारचे खिडकीतून बघत होते. मी खुशाल हात हलवला. पिंप मीच कापलेलं, दारही मीच बसवलेलं. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मला मांसाला धुरी द्यायचा नाद लागलाय. २०१७च्या जानेवारीत तो नाद घेऊन मी पहिल्यांदाच लेकीच्या सासरी, डहाणूजवळच्या चिखल्याला चाललो होतो.

काम नाजूक होतं. वर्षभरापूर्वी मुक्ताने कोर्टात लग्न केलं. मांडव नाही, हळद नाही, पंगत नाही. एकुलत्या एका मुलाचं लग्न चार सह्यांत उरकलं, म्हणून तिचे सासरे भास्करराव तेव्हापासून सुनेशी थेट बोललेच नव्हते. भांडण नव्हतं, टाकून बोलणंही नव्हतं. "तिला सांग, चहा ठेव," असं सगळं बायकोमार्फत. मुक्ता फोनवर हसत सांगायची, पण बापाला त्या हसण्यातलं कळतं. तिची आई असती तर काही युक्ती काढती. मला एकच युक्ती येते. भास्करराव मटणाचे पक्के शौकीन आहेत असं कळलं आणि मी ठरवलं, असं मटण खिलवायचं की माणूस बोलता झाला पाहिजे.

धुरीचं सगळं यश लाकडात असतं. साग तेलकट, तो मांस कडू करतो. ओलं लाकूड पांढरा धूर सोडतं आणि मांसाला काजळी चढवतं. व्याह्यांच्या वाडीत (फळबागेत) चिकूचं लाकूड रगड असणार, पण त्यांच्याच लाकडाने त्यांना जिंकण्यात काय मजा? वाटेत शोधायचं ठरवलं. लाकडाच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही.

मोखाडा, जव्हार करत कासा गाठलं आणि सायवनच्या रस्त्याला लागलो. डोंगर उन्हाने पिवळे पडले होते. सायवनजवळ एक बाई भारा उतरवून सावलीला बसली होती. मी गाडी थांबवून एक ओंडका उचलला आणि जाणत्यासारखा हुंगला.

"काय रांधशील, दादा?" तिने विचारलं.

"मटण. पण रांधायचं नाही, धुरावर ठेवायचं."

"मंग तो टाक पहिला. बिब्बा हाय तो, चुकून आला भाऱ्यात. धूर लागला तं तोंड सुजल भोपळ्याएवढं."

मी ओंडका असा टाकला की ती पदर तोंडाला लावून हसली. "खोबरेल चोळ हाताला," म्हणाली, आणि दोन लाकडं एकमेकांवर आपटून कसा आवाज आला पाहिजे तेही तिने दाखवलं. टणटण वाजलं तर वाळलेलं, बद्द वाजलं तर ओलं. एवढ्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं, पण मी ठाऊक असल्यासारखी मान डोलावली. तलासरीला पोचेपर्यंत दोन बोटं खाजायला लागली होती.

तलासरीत तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. चटणी इतकी झणझणीत होती की बोटांची खाज विसरलो. खाणावळवाल्याने वेवजीचा एक पत्ता दिला. तिथे एका म्हाताऱ्याच्या पडवीत फोडलेली लाकडं रचून ठेवलेली होती.

"बळतण जोईए?" त्याने विचारलं. (बळतण म्हणजे जळण, गुजरात तिथून हाकेवर आहे.) मी मराठीत उत्तर दिलं तसा तोही मराठीवर आला. "जांभूळ हाय. वाऱ्यानं पडला. दोन उन्हाळे झाले."

मी दोन फाळके आपटले. टणटण. तासलेल्या जागी तांबूस रंग, आणि वास असा मंद की मी तिथेच मटण खाल्लं म्हणा ना! बारा फाळके निवडून घेतले.

मग झाई, बोर्डी. डावीकडे चिकूच्या वाड्या, उजवीकडे सुरूच्या रांगांमागे समुद्र. संध्याकाळी चिखल्याला पोचलो. भास्करराव दारातच उभे होते. "या, या. बॉयलर आणलात की काय?" म्हणाले. माझ्याशी बोलायला त्यांना काहीच अडचण नव्हती. मुक्ता पाणी घेऊन आली तेव्हा मात्र ते बायकोकडे वळले, "तिला म्हणावं, सरबत कर."

सकाळी उजाडताच पिंप पेटवलं. धूर हवा तसा निघाला, पातळ आणि निळसर. दहाच्या सुमाराला भास्करराव खुर्ची घेऊन शेजारीच येऊन बसले. "वास काय सुटलाय हो!" तीनदा म्हणाले. मी मनातल्या मनात लढाई जिंकून मोकळा झालो. दुपारी पानं मांडली. मुक्ता परात घ्यायला अंगणात आली आणि उरलेल्या फाळक्यांपाशी थबकली.

"बाबा, लाकूड कसलं हे?"

"जांभूळ! वेवजीचं."

तिचा चेहरा उतरला. "आमचं देवक जांभूळ आहे, बाबा."

देवकाचं झाड त्या घरचं माणूस तोडत नाही, जाळत नाही. लग्नात त्याची डहाळी मांडवात पुजतात, सोयऱ्यांना ते तिथेच कळतं. इथे मांडवच नव्हता. मी लाकडाची सगळी चौकशी केली होती, घराची मात्र काहीच केली नव्हती. तरी मी हळूच म्हणालो, "धुराला काय नाव असतं? चिकू म्हणून सांगू."

"मला माहीत आहे ना," ती म्हणाली आणि तशीच आत गेली. मी मागोमाग.

"नाना," ती सासऱ्यांना म्हणाली, "मटण जांभळाच्या धुरावरचं आहे. बाबांना ठाऊक नव्हतं. मी नाही वाढणार."

भास्कररावांनी पानावरचा हात मागे घेतला. मला धरणी ठाव देईना. लेकीचं हे अबोल्याचं वर्ष मीच आणखी लांबवलं, असं वाटलं.

"तुमचं देवक कोणतं?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. वीसेक लाकडांचे धूर मी डोळे मिटून सांगेन, पण हे सांगता येईना.

"वासनवेल," मुक्ता म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हाच आत्याला विचारून ठेवलं होतं."

भास्करराव सवयीने बायकोकडे वळले. "तिला विचार..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग मुक्ताकडे बघून म्हणाले, "आमचं तुला कोणी सांगितलं?"

"आईंनी. इथे आल्या आल्याच मी विचारलं होतं."



"म्हणजे दोन्ही घरची देवकं ठाऊक असलेली तू एकटीच," ते म्हणाले. "बस. आधी तू जेवायला बस."

ती बसली. तिच्या पानात पहिला भात त्यांनी स्वतःच्या हाताने वाढला. मी डोळे पुसले आणि खुशाल सर्वांसमोर पुसले. आम्ही वरण-भात आणि वांग्याची भाजी जेवलो. मटण शेजाऱ्यांकडे गेलं, त्यांचं देवक विचारून. कुंपणापलीकडून "वा!" ऐकू आलं तेव्हा भास्कररावांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. घाट चढताना मनात एकच होतं. व्याह्यांना बोलतं करायला मी पिंप घेऊन दोन तालुके पालथे घातले, आणि पोरीने ते काम वर्षापूर्वी दोन साध्या प्रश्नांत करून ठेवलं होतं. जव्हारला चहाला थांबलो आणि बहिणीला फोन लावला.

"अगं, वासनवेल दिसते कशी?"

"तुझ्या लग्नात मांडवात पुजली होती की," ती म्हणाली. "तू तेव्हा आचाऱ्यापाशी उभा होतास."