नाव नसलेली चिठ्ठी

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थनेची गरज असेल त्यानं चिठ्ठीवर नाव आणि अडचण लिहून त्यात टाकायची. रविवारी पाळकसाहेब चिठ्ठ्या वाचतात, सगळी मंडळी प्रार्थना करते, आणि बुधवारी बायका डबा घेऊन त्या घरी जाऊन बसतात. धाराशिवात आम्ही ख्रिस्ती घरं मोजकी, त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतंय ते चिठ्ठीच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. तरी चिठ्ठी टाकायचीच, आणि नाव घालूनच टाकायची. हा नियम पाळा म्हणून वीस वर्षं लोकांच्या मागं हात धुऊन लागलेली बाई म्हणजे मी. देवापुढं कसली आलीय लाज, असं म्हणून मी किती जणांना झापलंय त्याला मोजमाप नाही.

तर त्याच मी एका रविवारी, कुणाचं लक्ष नाही बघून, पेटीत चिठ्ठी टाकली: एका कुटुंबावर मोठं संकट आलं आहे, प्रार्थना करावी. खाली नाव नाही, गाव नाही, काही नाही.

झालं होतं असं. आमचे हे आमच्याच जिल्ह्यातल्या जळकोटला बहिणीच्या शेतावर गेले होते, तिथंच गोठ्याजवळ कोसळले. डोक्यात रक्तस्राव. तिथल्या माणसांनी जीपमध्ये घालून हायवेनं थेट सोलापूरला नेलं. पुण्याहून मुलगा आला, तो रात्रंदिवस दवाखान्यातच. मी सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायची. डॉक्टर एवढंच म्हणायचे की शुद्धीवर येतील का ते सांगता येत नाही. पाच दिवस हा माणूस डोळे मिटून पडलेला. ज्यानं तीस वर्षं एसटी चालवली आणि घरी आल्यावर एक मिनिट गप्प बसला नाही, तो हाक मारली तरी ओ देईना.

आणि मी शेजारपाजारी काय सांगितलं? हे मुलाकडं पुण्याला गेलेत म्हणून.

का, म्हणाल तर त्याचं कारण आमच्याच मंडळीतली एक बाई. ब्लाऊज शिवणारी, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा काविळीनं आजारी पडला. तिनं चिठ्ठी टाकली, आम्ही उपवास केले, प्रार्थना केल्या, आणि तो गेला. मी भेटायला गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, विश्वास थोडा कमी पडला गं. किती मायेनं म्हणाले, अगदी धडा समजावून सांगावा तसं. ती म्हणाली, व्हय बाई. आणि उठून चहा टाकायला गेली. पुढं तो विषय तिनं कधी काढला नाही. मी तर विसरूनही गेले होते. सोलापूरच्या दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर बसल्यावर मात्र ते वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं. आता मी चिठ्ठी टाकली, आणि हे नाही उठले, तर उद्या माझ्याही डोक्यावर कुणीतरी हात ठेवणारच की.

बरं, निदान एकटीनं तरी प्रार्थना करावी, तर तीही जमेना. मी शाळेत बाई होते, प्रार्थना म्हणजे माझा हातखंडा. वीस मिनिटं न अडखळता करू शकते. पण त्या बाकड्यावर डोळे मिटले की तोंडातून निघायची ती अर्जाची भाषा. मी इतकी वर्षं सेवा केली, रविवारची शाळा चालवली, तरी विनंतीचा सहानुभूतीनं विचार व्हावा. स्वतःचाच राग यायचा. देवाचाही यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी चर्चला मी मुद्दाम गेले, कारण दिसले नसते तर लोकांनी विचारलं असतं. पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली, कपाळाला आठी घातली, नाव शोधायला कागद उलटा करून बघितला, आणि म्हणाले, बाई, यांच्यासाठी आपणच प्रार्थना करावी.

घ्या. उठले. आणि सवय काही जाते का? त्या कुटुंबाला धीर दे, त्या कुटुंबाला सामर्थ्य दे, आणि हे प्रभू, आपली गरज चारचौघांत सांगण्याची नम्रता त्या कुटुंबाला दे. आमेन. हे मी माझ्याबद्दल, माझ्याच तोंडानं, खणखणीत आवाजात म्हणाले आणि खाली बसले.

बाहेर पडताना बायकांचा तर्क सुरू झाला. नाव लिहायला लाजलंय म्हणजे कोण असेल? बघता बघता ठरलं की ती ब्लाऊज शिवणारीच. एकटी बाई, पदरी दोन पोरी, संकट येणार ते तिच्याकडंच. ती त्या रविवारी आलीही नव्हती, मग तर शंकाच राहिली नाही. मी तिथंच उभी होते, चपला शोधत. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. नाही बोलले. उलट बरं वाटलं, सुटले म्हणून.

बुधवारी संध्याकाळी सोलापूरहून आले तर ती माझ्या पायरीवर बसलेली, मांडीवर डबा. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दिवसभर दवाखाना, दीड तास एसटीत उभी, आणि आता हिला काय हवंय? ती उठली, डबा पुढं केला आणि म्हणाली की भाकरी, पिठलं अन्‌ शेंगाची चटणी आहे, आज बायका तिच्या घरी घेऊन आल्या होत्या. चिठ्ठी आपली नाही म्हणून तिनं त्यांना दोनदा सांगितलं. त्यांना वाटलं, लाजतेय. मग ती म्हणाली, ज्याची कुणाची असेल त्याच्यासाठी करा, बसा.

"मग हा डबा माझ्याकडं कशाला आणलास?" मी विचारलं.

"त्यांनी चिठ्ठी सोबत आणली व्हती, बायबलात ठेवून," ती म्हणाली. "अक्षर बघितलं. माझ्या पोरींच्या वहीत तुमी घालून दिलेला ह्याच अक्षराचा कित्ता हाय."

मी तिच्यावर खेकसले. तुला नसत्या चौकशा कुणी सांगितल्या, कुणाला बोललीस, असं बरंच काही. ती ऐकून घेत उभी राहिली. कुणाला बोलली नव्हती. मग मी पायरीवरच बसले, आणि सगळं सांगून टाकलं. जळकोट, गोठा, सोलापूर, पाच दिवसांचे आठ दिवस झालेले, ह्यांचे मिटलेले डोळे. रडले, नाक पुसलं, परत रडले. मग मी ते म्हणाले जे वीस वर्षांत कुणाला म्हणाले नव्हते.

"मला जमत नाही गं. तू कर माझ्यासाठी प्रार्थना."

तिनं डबा पायरीवर ठेवला.

"बाई, मागच्या वक्ताला माझी पुरली न्हाय. तुमीच म्हणला व्हता."

यात टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. पण ब्लाऊजला कापड कमी पडलं हे गिऱ्हाइकाला सांगावं तशी ती बोलली. म्हणजे दोन वर्षं या बाईनं ते खरं मानलं होतं. मशीनवर बसून, पोरींना जेवू घालून, रोज खरं मानलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही.

मी म्हणाले, ते मी खोटं बोलले होते. मला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलले.

तिनं चपला काढल्या, माझ्या शेजारी बसली, डोक्यावर पदर घेतला. ह्यांना ती मामा म्हणते. "प्रभू, बाई लई दमल्यात. मामा तुझ्या हातात हायेत, आमच्या न्हाईत. जे करशील ते कर, पर बाईला सोडू नगंस. आमेन."

मी वाट बघत होते, पण ती डोळे उघडून पदर सारखा करत होती.

"एवढंच?" माझ्या तोंडून गेलंच.

"मागच्या वक्ताला लई लांब केली व्हती," ती म्हणाली, आणि डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. मी तिथंच पायरीवर बसून जेवले. आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर.

ह्यांनी त्यानंतर चार दिवसांनी डोळे उघडले. आता घरी आहेत, उजवा हात चालत नाही, बोलणं मला सोडून कुणाला कळत नाही, आणि चहा थंड झाला की ते बरोबर सगळ्यांना कळतं. मंडळीत बातमी पसरली तशी जो तो येऊन म्हणायला लागला, बाई, तुमचा विश्वास केवढा मोठा. ऐकून माझं डोकं उठायचं. शेवटी पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते मंडळीपुढं सांगायला, बोलावलं तेव्हा उभी राहिले आणि सांगितलं की ती चिठ्ठी माझी होती, आणि माझा विश्वास काडीचाही मोठा नव्हता. ज्या घरातला माणूस परत आला नाही त्या घरात विश्वास कमी नव्हता. तसं मी एका घरात जाऊन बोलले होते आणि ते खोटं होतं. एवढं बोलून बसले. दोन मिनिटंही झाली नसतील, लोक एकमेकांकडं बघायला लागले.

ती तिसऱ्या रांगेत होती. मान खाली घालून गीतपुस्तकाची पानं सरळ करत बसलेली. उपासना सुटल्यावर पेटीपाशी तिनं मला गाठलं, हातात कागद आणि पेन दिलं. डाव्या डोळ्याला कमी दिसतंय, शिवण उसवायला लागतेय, चिठ्ठी टाकायची आहे, म्हणाली. मी लिहून दिली, वर तिचं नाव घातलं. तिनं ती वाचून बघितली आणि कागदाचा उरलेला अर्धा भाग फाडून परत माझ्यापुढं धरला.

"आता तुमची लिवा. मामाचा हात आजून उचलत न्हाय."

मी लिहिली. वीस वर्षांत त्या पेटीत माझ्या नावाची ती पहिली चिठ्ठी.